सहदेव आजोबांचा पाट

“या वर्षी किल्ला नाही! नाही म्हणजे नाही!”

जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून जान्हवीने एकदाचं जाहीर करून टाकलं. तिच्यासमोर सौरभ उभा होता. दोन्ही हातांत मातीने भरलेली गोणी आणि नाकाच्या शेंड्यावरसुद्धा माती!

“अगं, तीन मजले चढलोय मी ही घेऊन! आता ही माती काय आमटीत घालू?”

“घाल!”

“वाट लागली,” गोणी धपकन खाली टाकत सौरभ म्हणाला. “सपना, तू तरी सांग ना हिला काहीतरी!”

सपना कठड्याला टेकून उभी होती. ती उगाच बोलत नसे. तिने जान्हवीकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “किल्ल्याचं राहू दे. तू सकाळपासून रडतेयस का?”

झालं! एवढ्या एका प्रश्नाने जान्हवीचा बांध फुटला.

आता तुम्हाला सांगायला हवं. मुलुंड पूर्वेच्या त्या चार मजली इमारतीत दिवाळीची सुट्टी म्हणजे किल्ला आणि किल्ला म्हणजे सहदेव आजोबा. आजोबा तसे जान्हवीचे, पण हक्क सगळ्या पोरांचा! गिरणीत मागांच्या खडखडाटात कापड विणून विणून ऐकू कमी येऊ लागलेला हा मालवणी म्हातारा दुपारी याच जिन्यात बसून पोरांची गणितं सोडवून घ्यायचा. श्रावणात ते गेले. त्यामुळे घरात यंदा गणपती आला नाही. आता दिवाळी तोंडावर आली तरी दारात कंदील नव्हता की चुलीवर कढई चढली नव्हती. शेजारीपाजारी फराळाची ताटं आणून देत होते आणि ती ताटं ओट्यावर तशीच झाकून पडत होती.

“काल बाबा माळा साफ करत होते,” जान्हवी हुंदके देत म्हणाली. “तेव्हा गणपतीच्या पाटाचं निळं फडकं निघालं. नुसतं फडकं! आत पाट नाही! आजी ते फडकं मांडीवर घेऊन बसली, ती उठेचना. एक शब्द बोलली नाही. रात्री जेवलीसुद्धा नाही.”

“पण पाट गेला कुठे?” सपनाने विचारलं. तिच्या घरी गणपती नसायचा. त्यांच्याकडे बुद्धवंदना व्हायची. “तो तर तुमच्या घरीच असतो ना?”

“आषाढात आमचा पाट कारखान्यात देतात. त्याच पाटावर मूर्ती घडते आणि त्याच पाटावरून बाप्पा घरी येतात. कोकणातली पद्धत आहे. या वर्षीही आजोबांनी स्वतः नेऊन दिला होता. मग ते आजारी पडले. हॉस्पिटलात मला जवळ बोलावून म्हणाले, ‘औंदा बाप्पा येवचे नाय आपल्याकडे. पाट तेवढो घराक हाड गो, बाय.’”

सौरभने मान खाली घातली. एरवी दर वाक्याला फोडणी देणारा हा पोरगा चक्क गप्प झाला.

“मला तेव्हा कळलंच नाही, बाप्पा का येणार नाहीत ते!” जान्हवी म्हणाली. “मी म्हटलं, हो, आणते. आणि विसरले! आजोबांनी मला शेवटचं एवढंच काम सांगितलं होतं आणि तेवढंही मी केलं नाही! कुणाला सांगू? आजीला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. आणि आता अख्ख्या मुंबईत तो पाट शोधायचा कुठे? तुटला असेल, कुणी जाळला असेल, समुद्रात गेला असेल...”

“थांब!” सपना म्हणाली. “नारळ!”

जान्हवीने डोळे पुसले. त्या जिन्यात ‘नारळ’ म्हटलं की काय, ते प्रत्येक पोराला पाठ होतं. गणित मोठं दिसलं, प्रकल्पाची वही राहिली, कुणी रडायला लागलं, की आजोबा विचारायचे, “काय रे, नारळ सबंध खाता येतो?” पोरं ओरडायची, “नाही!” मग आजोबा बोटं दुमडत म्हणायचे, “आधी सोल. मग फोड. मग खव.” सोलायचं म्हणजे वरचं सोडण, जे उपयोगाचं नाही ते, काढून टाकायचं. फोडायचं म्हणजे प्रश्नाचे तुकडे करायचे. आणि खवायचं म्हणजे एका वेळी एकच तुकडा हातात घ्यायचा, बाकीच्यांवर झाकण!

“सोलूया,” सपना म्हणाली. “आजी काय म्हणेल, हे सोडण. काढून टाक. तुटला असेल, जळला असेल, हेसुद्धा सोडण. आपण बघितलंय का? नाही ना? मग टाक!”

“आता फोड,” जान्हवी नाक ओढत म्हणाली. “पाट कारखान्यात पोचला का? पोचला असेल तर तिथून नेला कुणी? आणि नेला असेल तर आता कुठे आहे?”

“तीन तुकडे! पहिला आत्ताच खवूया!” सौरभ एकदम उठला. “चला! आणि माझी माती इथेच राहील. कुणी हात लावायचा नाही!”

गणपतीचा कारखाना मिठागर रोडच्या एका गल्लीत होता. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड. भाद्रपदापर्यंत तिथे मूर्ती आणि आता सगळीकडे रंगीत कंदील! दारातच स्टुलावर बसून नंदकिशोर नावाचा तिथला माणूस मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

“काका, सहदेव आजोबांचा पाट आहे का इथे?” जान्हवीने विचारलं.

नंदकिशोरने मान वर केली नाही. “सगळे पाट गेले. गणपती होऊन दोन महिने झाले!”

“पण आमच्या घरी आला नाही ना!”

“मग इथे आलाच नसेल. म्हातारी माणसं विसरतात. जा, खेळा जा!”

जान्हवीचा चेहरा पडला. सौरभची कानशिलं तापली. तो तोंड उघडणार इतक्यात सपनाने त्याला जोरात चिमटा काढला. तिची नजर शेडच्या दारावर लावलेल्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर खिळली होती. निळा फेटा घातलेल्या बाप्पांचा फोटो आणि वर ठळक अक्षरांत, ‘पुढील वर्षाचे बुकिंग सुरू’.

“काका,” सपना अगदी गोड आवाजात म्हणाली, “ही मूर्ती काय झकास आहे हो! यंदाचीच?”

“मग!” नंदकिशोर खुलला. “यंदाचीच! फेटा मी बांधलाय.”

“फोटो कुठे काढला? स्टुडिओत?”

“स्टुडिओ कशाला? इथे, या दारात काढलाय. माझ्या मोबाइलवर!”

“म्हणजे मूर्ती यंदाची आणि फोटो इथलाच.”

“अगं हो!”

“मग मूर्तीखालचा हा पाट कुणाचा?”

नंदकिशोरने फ्लेक्सकडे पाहिलं. जान्हवीनेही पाहिलं. पाटाच्या उजव्या कोपऱ्यावर पितळी पट्टी होती! बाबांनी लहानपणी त्या पाटाची बॅट केली होती आणि कोपरा उडवला होता. आजोबांनी त्यावर पट्टी ठोकली. दोन स्क्रू पितळेचे मिळाले, तिसरा मिळेना म्हणून लोखंडाचा घातला. फ्लेक्सवर तो तिसरा काळा स्क्रू बोटाएवढा दिसत होता!

“हा आमचा पाट आहे!” ती ओरडली. “आजोबा विसरले नव्हते! त्यांनी आणून दिला होता!”

नंदकिशोरने क्रिकेट बंद केलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मान खाजवली.

“हे बघ बाळा,” तो हळूच म्हणाला, “तुमच्याकडून फोन आला, घरात माणूस गेलंय, यंदा मूर्ती नको. पाटाचं कुणी बोललंच नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी एक सोसायटीवाले आले. त्यांच्याकडे पाट नव्हता. मी पाटावरचं खडूचं नाव पुसलं आणि ही फेट्याची मूर्ती त्यावर बसवून दिली. मला वाटलं, आता कोण विचारणार.”

कुणी विचारलं नाही, हे तर खरंच होतं.

“कुठली सोसायटी?” सौरभने विचारलं.

“नाव नाही आठवत रे. आई शप्पथ! पोरांनी ही अडीच फुटांची मूर्ती हातांवर उचलून चालत नेली, ताशा वाजवत. एवढंच आठवतंय.”

तिघं बाहेर आली. “झालं! आता इथून ठाण्यापर्यंत सोसायट्याच सोसायट्या,” जान्हवी म्हणाली.

“सोल ना!” सौरभ म्हणाला. “अडीच फुटांची मूर्ती हातांवर उचलून कुणी ठाण्यापर्यंत चालत जाईल का? दहा मिनिटांत हात मोडतील! म्हणजे सोसायटी जवळच आहे. या तीन गल्ल्या. आपणही तीन. एकेकाने एकेक गल्ली घ्यायची आणि प्रत्येक वॉचमनला एकच प्रश्न विचारायचा. यंदा निळ्या फेट्याचा गणपती होता का?”

अर्ध्या तासाने तिघं कोपऱ्यावरच्या नारळवाल्यापाशी भेटली. जान्हवीला सात नकार मिळाले होते. सौरभला नऊ नकार आणि एक चकली मिळाली होती. सपना धापा टाकत आली.

“शुभंकर सोसायटी! नोटीस बोर्डावर अजून फोटो आहे! निळा फेटा!”

“पाट दिसला?”

“मी आत गेले नाही,” सपना म्हणाली. “म्हटलं, जान्हवीने आधी बघावा.”

शुभंकर सोसायटीचा वॉचमन धोंडूमामा भला माणूस होता. त्याने सगळं ऐकलं, कपाळावर हात मारला आणि मुलांना पंपाच्या खोलीमागे घेऊन गेला. तिथे एक निळा ड्रम काठोकाठ भरून ठेवला होता. ड्रमाखाली काहीतरी लाकडी होतं, पाणी पिऊन काळं पडलेलं. जान्हवी खाली वाकली. पितळी पट्टी हिरवी झाली होती. एक, दोन पितळेचे स्क्रू, तिसरा लोखंडाचा, तो पार गंजलेला.

तिने त्या पट्टीवर बोट ठेवलं आणि ती तिथेच ओल्या जमिनीवर बसली. दरवर्षी आजी ज्याच्यावर हळदीकुंकू वाहायची, आजोबा ज्याला पाय लावू द्यायचे नाहीत, तो पाट ड्रमाखाली दोन महिने भिजत पडला होता! तिला रडू आवरेना.

“काय गर्दी आहे इथे?” सोसायटीचे सेक्रेटरी हातात पिशव्या घेऊन येत होते. त्यांनी ऐकून घेतलं, पण घाईघाईत. “पाट ना? घेऊन जा की! पण आत्ता नाही. ड्रम भरलाय. दोनशे लिटर! हलवायला चार गडी लागतील. दिवाळीनंतर प्लंबर येईल, तेव्हा या.”

“दिवाळीनंतर? तोवर तो कुजेल हो काका!”

“मग मी काय करू? आणि पाणी ओतून टाकायचं नाही हां! थेंबभरही वाया गेलेलं चालणार नाही!” आणि सेक्रेटरी जेवायला वर निघून गेले.

मोठ्या माणसांचं हे असं असतं बघा. ड्रम मोठा आहे म्हणजे तो मोठाच राहणार, असं त्यांना वाटतं!

“दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो,” सपना म्हणाली. “आपल्याला उचलणार नाही.”

“दोनशे किलो कशाला उचलायचे?” सौरभ बाह्या सरसावत म्हणाला. “दहा किलो उचलू. वीस वेळा! धोंडूमामा, बादल्या आहेत? आणि या कुंड्यांना पाणी कधी घातलंय तुम्ही?”

धोंडूमामाने जीभ चावली. आवारात बत्तीस कुंड्या होत्या आणि बत्तीसही सुकल्या होत्या. “माळी सुट्टीवर गेलाय रे. आणि जिनासुद्धा धुवायचा राहिलाय.”

मग काय! जान्हवी मगाने बादली भरायची, सौरभ उचलायचा, सपना कुंड्या भिजवायची. एक बादली. दोन. पाच. सौरभचे हात लाल झाले. “दे, मी घेते,” जान्हवी म्हणाली. तो नुसती मान हलवायचा आणि पुढची बादली उचलायचा. आज त्याला झालंय तरी काय, असं तिच्या मनात आलं, पण विचारायला वेळ नव्हता. कुंड्यांना तेरा बादल्या लागल्या, जिन्याला सहा. तळाशी उरलेलं पाणी धोंडूमामाने फाटकाजवळच्या जास्वंदीला घातलं. रिकामा ड्रम सपनाने एका हाताने बाजूला केला!

जेवून खाली आलेले सेक्रेटरी पायरीवरच थबकले. जिना लखलखत होता, कुंड्या ओल्या होत्या आणि तीन भिजलेली पोरं एक काळा पाट ओढणीने पुसत होती.

“थेंबभरही वाया नाही गेला, काका,” सपना म्हणाली.

सेक्रेटरींनी चष्मा काढला. “चुकलंच आमचं,” ते म्हणाले. “विसर्जनानंतर कुणाचा पाट आहे एवढं विचारायला हवं होतं. आणि ड्रमाचं हे माझ्या डोक्यात आलंच नाही. कुणी शिकवलं रे तुम्हाला?”

“आजोबांनी,” तिघं एकदम म्हणाली.

पाट दोन्ही हातांत धरून जान्हवी घराच्या उंबऱ्याशी आली आणि तिचे पाय अडले. जिन्यात सोलून बाजूला ठेवलेली भीती आता समोर उभी होती. आत वनमाला आजी खिडकीशी बसली होती. मांडीवर तेच निळं फडकं. आई भाजी निवडत होती. बाबा आज कामावरून लवकर आले होते.

“आजी,” जान्हवी म्हणाली. पुढचं तिने एका दमात सांगून टाकलं, नाहीतर तिला ते कधीच सांगता आलं नसतं. “आजोबांनी मला पाट आणायला सांगितलं होतं. हॉस्पिटलात. मी विसरले. म्हणून तो लोकांकडे गेला. म्हणून त्याच्यावर ड्रम ठेवला. माझ्यामुळे झालं! तू मला काय हवं ते बोल, पण बोल गं आजी!”

आजी उठली. पाटावरून तिने हात फिरवला. पितळी पट्टी चाचपली. पाटाच्या मधोमध ड्रमाचं मोठं काळं वर्तुळ पडलं होतं. त्यावर तिचा हात थांबला.

“माका पण सांगलेला तेंनी,” ती म्हणाली. कालपासून तिने काढलेला हा पहिला शब्द. “दोन येळा सांगलेला. मी इसारलंय. काल फडका रिकामा बघितला आणि माका वाटला, तेंचा शेवटचा काम माझ्या हातून ऱ्हवला. तुमका खयच्या तोंडान सांगू?”

आईच्या हातातली भाजी ताटात पडली. “आई, अहो, मलाही म्हणाले होते! डबा घेऊन गेले तेव्हा. मला वाटलं, ह्यांना सांगून ठेवावं, आणि मग ती धावपळ...”

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीला टेकून खाली बसले होते.

“कारखान्यात फोन मीच केला होता,” ते म्हणाले. “मूर्ती नको म्हणून सांगितलं. पाटाचं सांगायचं माझ्या ओठांवर होतं. अण्णा गेले त्याच दिवशी सकाळी त्यांनी मला सांगितलेलं. आणि मी फोन ठेवून दिला. कालपर्यंत मी माळ्याकडे बघायचंच टाळत होतो.”

दारातून एक बारीक आवाज आला. “मलापण.”

सौरभ होता. हात पाठीमागे लपवलेले, डोळे भरलेले. “मी त्यांना भेटायला आलो होतो ना, तेव्हा. म्हणाले, ‘जान्हवीक आठवण कर.’ मी जिन्यात सांगणार होतो, पण मला वाटलं, जान्हवी माझ्याशी कधी बोलणार नाही.”

आजी हसली की रडली ते कुणालाच कळलं नाही.

“बघा म्हातारो!” ती म्हणाली. “तेका ठावक होता, ह्या घरात एकाक सांगान भागाचा नाय. म्हणान सगळ्यांका सांगल्यान. आणि आमी? येकमेकांपासून लपवून बसलंव!”

तिने सौरभला जवळ ओढलं, त्याचे सोललेले तळवे पाहिले आणि तिला एकदम हुंदका फुटला. श्रावणापासून आजी अशी रडली नव्हती. मग आई रडली. बाबा तर तोंड झाकून लहान मुलासारखे रडले. जान्हवी आजीच्या कुशीत शिरली. इतके दिवस त्या घरात प्रत्येकजण रडला होता, पण एकेकटा, दुसऱ्याची पाठ वळली की. सगळे मिळून आज पहिल्यांदाच रडत होते.

सपना हळूच स्वयंपाकघरात गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. ओट्यावरच्या झाकलेल्या ताटांपैकी एक उचलून तिने मध्ये आणून ठेवलं. आजीने एक करंजी मोडली आणि तिचे तुकडे सगळ्यांच्या हातावर ठेवले.

“शाब्बास रे पोरांनो,” ती म्हणाली. “तेंका लय बरा वाटला असता.”

“पण आजी, हा डाग?” जान्हवीने त्या काळ्या वर्तुळावर बोट ठेवलं. “हा जाणार नाही ना?”

“रवांदे. पुढच्या वर्षी बाप्पा बसतले तेच्यावर.” आजीने खोबरेल तेलाची बाटली मागवली, फडक्याला तेल लावलं आणि ती पाट पुसू लागली. एक कोपरा पुसून झाला तशी तिने फडकं बाबांकडे दिलं. बाबांनी दुसरा कोपरा पुसला, आईने तिसरा. चौथा, पितळी पट्टीचा, जान्हवी आणि सौरभने मिळून पुसला.

मग आजीने डोळे टिपले आणि दाराकडे पाहिलं.

“ती जिन्यातली माती कोणाची?” तिने विचारलं. “किल्लो कधी करतास?”